वरूनच गेलंय, मावशी

…तर जगदीश तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून दातांनी वायर सोलत होता आणि खाली अंगणात मंडळाच्या पोरांनी पांढरा पडदा ताणला होता, इथपर्यंत काल आलो होतो. मग चहा आला आणि गोष्ट तशीच राहिली.

हा जगदीश म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीचा केबलवाला. बाप गिरणीत साच्यावर कापड विणायचा. गिरणी बंद पडली तेव्हा पोराने गच्चीवर छत्री उभारली आणि घराघरांत वायर नेली. कुणाला नाही म्हणायचं त्याला कधी जमलंच नाही. कुणी माळ्यावर दुसरा टीव्ही ठेवला, की हा शेजारच्या वायरीला फाटा काढून द्यायचा. चित्र जरा अशक्त व्हायचं, पडद्यावर मुंग्या धावायच्या, पण माणसं दिसायची. "मुंग्या कशाला मोजता, बातम्या बघा," म्हणायचा. आणि चित्र साफच गेलं, की केबलवाल्यांचं ठरलेलं उत्तर: "वरूनच गेलंय."

आता एचडी आलं. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. मला त्यानेच समजावून दिलं. "अण्णा, चॅनेलवाले चित्र उपग्रहावर सोडतात. कंपनी ते मोठ्या छत्रीत झेलते आणि काचेच्या तारेतून उजेड करून आपल्या गच्चीवरच्या पेटीत पाठवते. पेटी उजेडाची वीज करते. तिथून घरापर्यंतची काळी वायर माझी."

मला भारी गंमत वाटली. म्हटलं, हे तर आमच्या गावच्या पाटासारखं झालं. वरच्याने पाट फोडला, की शेवटच्या वाफ्यात नुसती ओल.

"इथे ओलही राहत नाही, अण्णा. जोर कमी पडला की चित्राचे चौकोन होतात आणि ते थिजतं. मुंग्यांचे दिवस गेले."

आमच्या चाळीतला शेवटचा वाफा म्हणजे बकुळामावशीची खोली. तिसऱ्या मजल्याचं टोक, वायरीचंही टोक. तिची नात मानसी कबड्डी खेळते. मावशीनेच वाढवलेली. मानसीने आजीला नवा टीव्ही घेऊन दिला, जगदीशने एचडीचा बॉक्स लावला. "आजी, माझा घामसुद्धा दिसेल तुला," पोरगी म्हणाली होती. त्या दिवशी अंतिम सामना होता. मावशीच्या खुब्याचं हाड मोडलेलं, जिना उतरायची सोय नाही. दुपारपासून ती नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली होती.

सामना सुरू व्हायच्या बेताला मंडळाचा वैभव खालून ओरडला, "जगदीशदा, पडदा काळा पडलाय. आख्खं लालबाग बसलंय हिथं, काय तोंड दाखवू?"

म्हणून जगदीशने तिसऱ्या मजल्याची वायर तोडून, मध्ये जोड घालून खाली फाटा सोडला. पडदा उजळला. शिट्ट्या झाल्या. आम्ही सगळे अंगणातच होतो.

गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई मानसीची. आत शिरली, एकीला शिवली, अंगणात आरोळी उठली. तेवढ्यात तिघींनी तिला धरून आपटलं. अंगण चिडीचूप. मग पोरगी सरपटली, हात लांबवला, बोटं मधल्या रेषेला टेकली. ढोल सुरू झाले.

पेढे घेऊन सगळे वर गेलो, तर मावशी खुबा विसरून पलंगाची कड धरून उभी राहत होती. टीव्हीवर मानसी हवेतच थिजलेली, चेहऱ्याचे चौकोन झालेले. मावशीने खालची आरोळी ऐकली होती, मागोमागची शांतता ऐकली होती, आणि मग हाका मारल्या होत्या. ढोलात कोण ऐकतो?

"जिवंत हाय ना रे माझी पोर?" तिने विचारलं.

मी सामन्याचं सगळं सांगितलं. जगदीश दारात उभा होता. सगळे त्याच्याकडे वळले तसं तो म्हणाला, "वरूनच गेलं, मावशी."

चाळीने कंपनीला शिव्या घातल्या. मावशी मात्र ज्याला त्याला सांगायची, "जगूला कुणी बोलू नका. वरूनच गेलं तर तो काय करील?" वर त्याला डब्यातून सुकटीची चटणी आणि भाकरी पाठवली. तेव्हापासून हा माणूस पलीकडच्या जिन्याने गच्चीवर जायला लागला. समोर दिसलो तर मी बोलतच सुटणार, म्हणून मलाही टाळायचा. शेवटी गाठलाच. त्याने डबा माझ्या हातात कोंबला. "तुम्हीच द्या परत."

"मी नाही. भाकरी तू खाल्लीस," म्हणालो आणि दंडाला धरून घेऊन गेलो.

तो आत गेला, पण बसेना. गच्चीवरच्या पेटीपासून थेट मावशीच्या खोलीपर्यंत त्याने नवी वायर ओढली, मध्ये एकही फाटा नाही. चित्र असं लख्ख आलं, की निवेदिकेच्या पदराचे धागे दिसावेत. मावशीने टीव्हीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"किती राबतोस," ती म्हणाली. "खाली मान घालून हिंडतोस, मी काय बघत नाय? वरून गेलं, त्याचं तू का मनाला लावून घेतोस?"

जगदीशने घासूनपुसून आणलेला डबा तिच्या उशाशी ठेवला.

"वरून काय गेलं नव्हतं, मावशी. तुझ्या दारातली वायर मी तोडली. मीटर लावला, जोर कमी पडतोय ते बघितलं. खाली आख्खं लालबाग बसलेलं आणि वर तू एकटी. म्हटलं, एकटं माणूस काय बोलणार आहे."