करदोडा कापू दिला नाही

मी चौथीपर्यंत शिकलो. वळणदार लिहिता येत नाही, पण जे झालं ते सांगता येतं. विमानतळावरून मी माघारी आलो ह्याच्या गावात दोन-चार कहाण्या झाल्या आहेत. कोणी म्हणतं म्हाताऱ्याला पोलिसांनी धरलं, कोणी म्हणतं म्हातारा भ्याला. खरं काय ते मी इथं लिहून ठेवतो.

आमचं गाव करमाडच्या अलीकडं, जालना रोड सोडून आत. विमानं आमच्या शेतावरून खाली उतरतात, म्हणून मी ती जन्मभर पोटाकडूनच पाहिली. पोरगा बंगळूरला असतो. त्याची आई गेल्यापासून दर रविवारी त्याचा फोन, "आबा, इकडं या. एकटे काय करता तिथं?" मी दर रविवारी नाही म्हणायचो.

गेल्या थंडीत ताप आला. अंगावरच काढला, पण एक दिवस उठताच येईना. पडून राहिलो. दार पुढं केलेलं होतं, कडीसुद्धा लावलेली नव्हती, तरी कोणी ढकललं नाही. दुसऱ्या दिवशी म्हैस धार काढायची राहिली म्हणून ओरडायला लागली, तेव्हा शेजारच्या घरातून पुतण्या आला. तो म्हशीला बघायला आला आणि मी सापडलो.

त्या दिवशी ठरवलं, जायचं. मी ठरवलं की मग फिरत नाही. म्हैस पुतण्याच्या दावणीला बांधली. भांडीकुंडी त्याच्या बायकोला देऊन टाकली, एक तवा आणि एक पातेलं सोडून. पारावर बसून सगळ्यांना सांगितलं की आता माझं तोंड दिसायचं नाही. लोकांनी चहा पाजला. एकानं विचारलं, "तिकडं कानडी बोलाया लागंल, येतंय का?" मी म्हणालो, "पोराशी बोलायचंय, कानड्याशी नाय."

निघायच्या दिवशी पुतण्यानं मला खाटेवर बसवून माझी झडती घेतली. तो शेंद्र्याच्या कंपनीत आहे. तिथं रोज आत जाताना त्याचीही झडती होते, त्यामुळं त्याला त्यातलं कळतं.

"तात्या, काडीपेटी काढा. चुन्याची डबी काढा. अडकित्ता तर काढाच."

"जेवान बी काढू का पोटातलं?"

"ते राहू द्या. पान्याची बाटली नाय न्यायची. तेल नाय, लोनचं नाय."

"मंग मानसाला तरी नेतेत का?"

सगळं त्याच्या हातात दिलं. खिसे उलटे करून दाखवले. कमरेचं मात्र त्याच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. करदोडा माणसाला आठवत नाही, तो अंगासारखाच असतो.

विमानतळाच्या दारात पुतण्याला अडवलं. तिकीट नाही तर आत नाही. त्याची दुपारची पाळी होती, मी म्हणालो जा. आत पोरानं सांगून ठेवलेली चाकाची खुर्ची घेऊन एकजण आला. मी म्हणालो, ह्या पायांनी मी आजही नांगरामागं चालून दाखवीन, खुर्ची कोणाला तरी लागेल त्याला दे. मग तो रिकामी खुर्ची ढकलत माझ्यामागून आला. लोक बघत होते. मला वाटलं बघू द्या. मोठी पिशवी पट्ट्यावर गेली आणि मी तपासणीच्या रांगेत लागलो.

तिथं माणसं काय काय काढत होती. पट्टे, घड्याळं, बूट, बाईच्या हातातल्या बांगड्या. एकाची पाण्याची बाटली टाकून दिली आणि पुढं तेच पाणी विकायला ठेवलेलं. मी वहाणा काढल्या, टोपी तसराळ्यात ठेवली. शिपायानं मला लाकडी पाटावर उभं केलं, हात पसरायला लावले आणि अंगावरून हात फिरवला. काखेतून, पाठीवरून, पायावरून. न्हावी सोडला तर बायकोच्या दहाव्यानंतर माझ्या अंगाला कोणाचा हात लागला नव्हता. ते त्याला काय ठाऊक. तो पुढच्याकडं बघत होता.

त्याच्या हातातलं यंत्र कमरेपाशी ओरडलं.

"बाबाजी, कमर में क्या है?"

"करदोडा है. सबको रैता."

"दिखाइए."

पडद्याच्या खोलीत नेलं. धोतराचा काठ सैल करून दाखवलं. करदोड्यात घराची किल्ली ओवलेली आणि तिच्या शेजारी काटा काढायचा लोखंडी चिमटा, बोटाएवढा. लोहारानं करून दिलेला. मासात मोडलेला बाभळीचा काटा तो अलगद उचलून आणतो. किल्लीचं त्यांना काही नव्हतं. चिमट्याचं टोक बोटाला लावून बघितलं आणि म्हणाले, हे जाणार नाही. चिमट्याच्या कडीतून करदोडा ओवलेला, गाठीवर गाठ बसलेली, कमरेच्या हाडावरून खाली सरकत नाही. दुसरा एक शिपाई आला, मिशावाला, पिकत आलेला. बोलण्यावरून परभणीकडचा वाटला. गुडघ्यावर बसून नखानं गाठ सोडवायला लागला. घामानं, साबणानं गाठ दगड झालेली. सुटेना.

"बाबा, कापावा लागंल," तो म्हणाला. "कैची आणतो. तिकडं गेल्यावर नवा बांधा. बाजारात ढिगानं मिळतो."

"तुझा बाप जिता हाय का?"

"हाय की."

"मंग पयले त्याचा काप."

तो खाली बघायला लागला. त्याला कळलं होतं. परभणीकडचा होता, कसा नाही कळणार.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमच्यात जित्या माणसाची कंबर मोकळी ठेवत नाहीत. करदोडा बदलायचा झाला तर आधी नवा बांधतात, मग जुना तोडतात. कंबर मोकळी होते ती एकदाच, माणूस गेल्यावर, आणि तेव्हाचा करदोडा पोरानं तोडायचा असतो. माझ्या अंगावरचा हा करदोडा पोरानंच बांधलेला. त्याच्या आईच्या दहाव्याला, नदीवर. माझं डोकं भादरलेलं, अंग ओलं, मला थंडी वाजत होती. तो माझ्यापुढं उकिडवा बसला आणि त्यानं दोरा मागून फिरवून आणला आणि गाठ मारली. मला वाटलं एवढ्यावर थांबेल, तर त्यानं आणखी मारली.  तेव्हा मला वाटलं होतं, आई गेली, आता हा मला बांधून ठेवतोय.

त्यांचा साहेब आला. त्याला मराठी येत नव्हती. मिशावाल्यानं त्याला सांगितलं, आधी दुसरा दोरा बांधल्याशिवाय बाबा कापू देणार नाहीत. साहेब माणूस चांगला होता, ओरडला नाही. फक्त घड्याळाकडं बघितलं. मिशावाला सामानाच्या चिठ्ठीची लवचीक दोरी घेऊन आला.

"तवर ही बांधा."

"रबर हाय ते. मी काय शेंगदान्याची पिशवी हाय व्हय?"

पडद्याबाहेर सगळं ऐकू जात असणार. कारण मी बाहेर आलो तेव्हा रांगेतली एक पोरगी पायातला काळा धागा सोडून हातात घेऊन उभी होती. आजकालच्या पोरी एका पायात बांधतात तसला. म्हणाली, "आजोबा, हा चालेल का?"

"पोरी, तुझं मन मोठं हाय. पन पायातलं कमरंला नाय बांधत."

तिला वाईट वाटलं असेल. माझ्या बोलण्याचा सूर तसाच आहे, काय करणार.

मग मिशावाला म्हणाला, बाहेर गाडीवाल्यांकडं लिंबू-मिरची बांधायचा काळा दोरा असतो, मी बघून येतो. मला बाकड्यावर बसवलं. समोर काचेपलीकडं विमान उभं होतं. शेतातून दिसतं त्याहून लहान वाटलं. मी मनाची तयारी केली होती, हे खोटं नाही. दोरा आला की बांधायचा, जुना कापू द्यायचा, तोडलेला तुकडा खिशात घालून पोराला नेऊन दाखवायचा.

तेवढ्यात विमान कंपनीची बाई आली. तिनं पोराला फोन लावला होता, त्याचा नंबर तिकिटावर होता. फोन माझ्या कानाला लावला.

"आबा, काय चाललंय? त्यांना कापू द्या ना."

"देतोय. दोरा आनाया गेलेत."

"कशाला दोरा पाहिजे? विमान सुटेल आबा. एक दोराच आहे तो."

"तू बांधलेला हाय."

पलीकडं कोणाशी तरी तो इंग्रजीत दोन शब्द बोलला, मग मला म्हणाला, "आबा, भावकी म्हणाली बांध, म्हणून मी बांधला. मला त्यातलं काय कळत होतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आबा? ऐकू येतंय का?"

"येतंय."

फोन बाईला दिला. तितक्यात मिशावाला आला, धापा टाकत. हातात काळ्या दोऱ्याचं अख्खं रीळ. "घ्या बाबा. तुमच्या नातवाच्या नातवाला पुरंल. चला आत, बांधून देतो."

मी म्हणालो, "नको."

"आता काय झालं?"

"जायाचं नाय मला."

तो माझ्याकडं बघत राहिला. बिचारा माझ्यासाठी पळत गेला होता.  त्यानं रीळ खिशात घातलं आणि म्हणाला, "बाबा, पोरगा वाट बघत असंल." मी वहाणा घातल्या, टोपी डोक्यावर ठेवली. मोठी पिशवी विमानातून उतरवून आणायला वेळ लागला. ती येईपर्यंत खुर्चीवाला माझ्याशेजारी रिकामी खुर्ची घेऊन उभा होता. ह्या वेळी त्यानं बसा म्हटलं नाही.

जालना रोडला येऊन काळीपिवळीत बसलो. करमाडला हॉटेलवाल्यानं लांबूनच विचारलं, "का वो, इमान पंचर झालं का?" मी म्हणालो, "मीच उतरलो." पुढं सगळ्यांना मी नियमाचंच सांगितलं. म्हणालो, करदोडा कापा म्हणाले, मी नाही म्हणालो. माणसं खूश झाली. म्हणाली, शाबास म्हातारा. खोटं त्यात काही नव्हतं.

घर उघडलं. दावणीला म्हैस नव्हती, हे ठाऊक होतं, तरी आत जाताना तिच्या जागेकडं मान वळली. पुतण्या पाळीवरून आल्यावर म्हणाला, म्हैस आणून बांधतो. मी म्हणालो, दिलेलं मी परत घेत नाही. त्याच्या बायकोनं ताट धाडलं. ते मात्र ठेवून घेतलं.

पोराचा रविवारचा फोन चुकत नाही. जेवलात का, औषध घेतलं का, एवढं विचारतो. पुन्हा तिकीट काढू का, असं एकदा म्हणाला. मी म्हणालो, बघू. करदोड्याचं तो काढत नाही, मीही काढत नाही. तो त्या दिवशी खरं बोलला, त्यात त्याचा गुन्हा नाही. आणि मी उतरलो, त्यात माझीही चूक नाही. मला अजून तसंच वाटतं.

परवा पुतण्या अंगणात म्हशीचं दावं वळत बसला होता. मी त्याला म्हणालो, "मी गेलो तर करदोड्याला कुनी हात लावायचा नाय. पोरगा यील. तो तोडंल."

"तात्या, काय बी बोलता. बंगळूरवरनं याया त्याला टाइम लागंल."

"थांबा."

"उन्हाळा असला तर?"

"तरी थांबा."

"आन तो म्हनला, तुमीच तोडा, मला नाय कळत, तर?"

त्याला फोनमधलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आपला सहज बोलला.  त्यानं दाव्याला पीळ घातला, पायाच्या अंगठ्यात टोक धरून ओढून बघितलं.

"तर त्याला दाखव कसा तोडायचा ते," मी म्हणालो. "पन तोडू त्यालाच दे."

"बरं," तो म्हणाला, आणि दुसरा पेड घेतला.