कुरडयांवरची घंटी

आधी दीदी, मग बाकीचं. सदर भागात राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या या मराठी बाईंना सगळे दीदीच म्हणतात. नववीत शाळा सोडून अमरावतीकडून इकडे हिंदी मुलखात, रिछाईच्या कारखान्यात आलेल्या मला त्यांनी आपला जुना लॅपटॉप दिला, दर रविवारी आपल्या घरच्या खोलीत समोर बसवून प्रोग्रॅमिंग शिकवलं आणि एका उन्हाळ्यात चक्क त्याच खोलीत भरणारी मुलांची बॅच सोपवली.

"नववी फेल पोरगा काय शिकवणार?" थोरल्याला बॅचमध्ये पाठवणारे एक काका म्हणाले.

"फेल नाही, शाळा सुटली त्याची. महिनाभर बघा. नाही जमलं तर मी घेते," दीदी म्हणाल्या.



दीदींची शिकवण्याची रीत अशी, की पुस्तकातलं गणित नको, घरातली अडचण आणा. एका मुलीनं आणली. आई गच्चीवर कुरडया घालते, अवकाळी थेंब आले की धावपळ होते. ठरलं, थेंबाला वाजणारी घंटी करायची. ओलं झालं की आकडा वाढवणारी पट्टी आणून लॅपटॉपला जोडली. मुलांनी प्रोग्रॅम लिहिला: आकडा ठरल्यापेक्षा वर गेला की वाज.

महिना संपला तसे पालक त्या मुलीच्या गच्चीवर जमले. मुलीच्या आईनं सोऱ्यातून गरम चीक पाडला. मुलांनी पट्टी ऐटीत कुरडयांच्या मधोमध ठेवली. आभाळ कोरडं ठाक, आणि घंटी सुरू. थांबेचना.

"भैया, बारिश तो है ही नहीं," बॅचमधला एक मुलगा मला म्हणाला.

"काहून बोंबलून राहिली मग?" काका म्हणाले. सगळे हसले. मी वायरी तपासू लागलो. दीदी मागे उभ्या होत्या.

ती मुलगी मात्र लॅपटॉपवरचे आकडे बघत होती. "भैया, आकडा कमी होऊन राहिला."

खरंच. चिकाची वाफ पट्टीवर बसली होती, उन्हानं वाळत होती.

"मग तिला आधीचा आकडा लक्षात ठेवायला सांगू ना," ती म्हणाली. "वाळून राहिलं तर चूप. आधीपेक्षा ओलं झालं तरच वाज."

हेच मी कितीदा फळ्यावर समजावलं होतं, कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. मुलांनी भराभर ओळी बदलल्या. घंटी गप्प झाली. मग काकांनीच तांब्यात बोटं बुडवून पट्टीवर पाणी शिंपडलं. वाजली. मुलं नाचायलाच लागली, आणि मीही.

"माझ्या धाकट्यालाही बसव," काका म्हणाले.

"चलो, बॅच तुझी," जिना उतरताना दीदी एवढंच बोलल्या.

दीदी, एक दिवस तुमच्या या खोलीत मी माझ्या कमाईचे नवे कम्प्युटर मांडीन. तुम्ही नको म्हणाल, तरी मांडीन.