एका झटक्यात सुटणारी गाठ

ट्रकवर ताडपत्री बांधावी ती कळंबोलीच्या कृष्णाततात्यांनीच, असं निदान तात्यांचं तरी ठाम मत होतं. साताऱ्याकडून आल्याला वीस वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. त्यांची गाठ घाट चढून पुण्याला जाईपर्यंत हलत नसे आणि तिथं पोचल्यावर एका झटक्यात सुटत असे. दोरी कापणाऱ्या माणसाशी ते आठवडाभर बोलत नसत. दुसऱ्याने मारलेली गाठ दिसली की त्यांच्या बोटांना कंड सुटे. आपल्या चाळीतल्या लोकांच्या दारातल्या कपड्यांच्या दोऱ्याही ते जाता-येता सोडून पुन्हा बांधत. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या खऱ्या, पण त्या चाळीत वाळत घातलेलं लुगडं कधी मातीत पडलं नाही.

त्र्याण्णव सालच्या मे महिन्याच्या अखेरीला सकाळी वादळ झालं आणि लोखंड बाजारामागच्या त्या चाळीचे सगळे पत्रे उडाले. माणसं वाचली, एवढंच नशीब. चौदा खोल्या उघड्या पडल्या आणि आभाळ तर पुन्हा भरून येत होतं. तात्यांच्या बायकोला, शकुबाईंना, दमा होता. आदल्या वर्षी त्या एकदाच भिजल्या आणि दहा दिवस इस्पितळात पडून राहिल्या होत्या.

तात्यांनी ट्रकवाल्यांकडून जुन्या ताडपत्र्या आणि दोर मागून आणले. एक ताडपत्री स्वतःच्या दाराशी टाकली आणि चढणार, तेवढ्यात शेजारच्या भिंतीवर गंगाराम दिसला. गंगाराम महाडकडचा, तळोज्याच्या कारखान्यातला कामगार. बिचारा जमेल तसं आपलं छप्पर बांधत होता.

"गंगाराम, ही गाठ न्हाय, गुंता हाय. उतर खाली," तात्या म्हणाले.

झालं. तिथून ते पलीकडच्या घरावर गेले, तिथून त्याच्या पलीकडच्या. दुसऱ्या कुणाच्या हाती दोर देतील तर शपथ. तुमचं घर आम्ही बांधतो, असं गंगारामने दोनदा सुचवलं, तर हा माणूस वरूनच ओरडला, "माज्या घराला कुनी हात लावायचा न्हाय."

तेरावं घर झालं तेव्हा दोर संपला आणि टपोरे थेंब पडायला लागले. तेव्हा कुठे तात्यांना शकुबाई आठवल्या. आपल्या हट्टापायी बायको मरायची, एवढंच मनात घेऊन पन्नाशीचा तो गडी चिखलातून धावत सुटला.

घरावर ताडपत्री होती. भिंतीवर गंगाराम घामाने निथळत बसला होता आणि त्याची मुलगी मैत्री खालून त्याला दोऱ्या देत होती. साऱ्या चाळीने आपापल्या कपड्यांच्या दोऱ्या सोडून आणून दिल्या होत्या. गाठी मात्र बघवत नव्हत्या. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. तात्यांचा हात आपोआप पहिल्या गाठीकडे गेला.

आतून शकुबाईंचा आवाज आला. "हात लावाल तर बगा. मी कोरडी हाय."

"तात्या, तुमच्यासारख्या नाय जमल्या," गंगाराम ओशाळून म्हणाला.

तात्यांचे डोळे भरून आले. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "झ्याक हायत." गाठीच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले.

पावसाळाभर त्या गाठींना त्यांनी बोट लावलं नाही. दसऱ्याला नवे पत्रे आले. तेरा छपरांच्या ताडपत्र्या एकेका झटक्यात उतरल्या. तात्यांच्या छपरावरच्या गाठी मात्र पाण्याने आवळून दगड झाल्या होत्या. गंगाराम कोयता घेऊन आला, तो तात्यांनी काढून घेतला. मग दोन दिवस कामाला दांडी मारून ते स्टुलावर बसले आणि खिळ्याने एकेक गाठ सोडवत राहिले. दोऱ्या ज्याच्या त्याच्या दारी अखंड पोचत्या केल्या.

शेवटची दोरी गंगारामची. ती त्याने दारातल्या दोन खुंट्यांना आपल्या पद्धतीने बांधली, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. तात्या दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून शेजारी उभे होते.