तुमच्या मशीनला लावून दाखवा

सकाळच्या उमरेड-नागपूर एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. मांडीवर भावाच्या टॉवेलात गुंडाळलेला एक लोखंडी डबा होता. विटेपेक्षा मोठा, एका बाजूला पंखा आणि दुसरीकडून तारांचा झुपका. त्या भावाच्या, वसंताच्या कॉम्प्युटरचा हा पॉवर सप्लाय. घरातली वीज घेऊन मशीनच्या नाजूक भागांना त्यांना सोसेल तेवढीच द्यायची, एवढंच त्याचं काम. वसंता श्रावणात गेला आणि दिवाळीनंतर हा डबा जळला. तसाच दुसरा घ्यायला मी निघाले होते.

शेजारी बसलेली म्हातारी बराच वेळ टॉवेलाकडे बघत होती. एसटीत बेवारस वस्तूंबद्दल सूचना लावलेली होती, ते दिवसच तसे होते.

"काय वं बाई, मांडीवर काय धरून राहिली एवढं जपून? बॉम्ब तं नाही न?"

"मशीनचा भाग आहे. बिघडलाय."

तिने पिशवीतून संत्रं काढून माझ्यापुढे धरलं. प्रवासात अनोळखी माणसाकडून काही खाऊ नये, हे मी वर्तमानपत्रात अनेकदा वाचलेलं. मी नको म्हटलं.

"जहर नाही टाकलं वं त्यात," ती म्हणाली आणि दिघोरी येईपर्यंत एकेक फोड सावकाश स्वतःच खात राहिली.

पूर्वी मी इतकी संशयी नव्हते. मी शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तक दिलं की परत येतं, असं धरून चालण्यात माझी वीस वर्षं गेली. पण वसंताला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच एक गृहस्थ भंगाराच्या भावात कॉम्प्युटर मागायला आला. मग डबा जळला, तेव्हा आमच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने तो आतल्या खोलीत नेऊन उघडला आणि "गेला" म्हणून परत दिला. आत काय होतं आणि त्याने काय ठेवलं, हे मला कधीच कळणार नव्हतं. बाकी सगळे माझ्याशी फार चांगले वागत होते. शेजारणी डबे आणत, मुख्याध्यापिकांनी आपण होऊन लांब रजा दिली होती. "बाई, तुम्ही काही करू नका," सगळे म्हणत. मी काही करत नव्हते.

काम घेऊन येत होते ते फक्त सखारामजी. ते करवतकाठी लुगड्यांचे विणकर, करवतीच्या दात्यांसारख्या किनारीची ही लुगडी. मोतीबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली, तेव्हा वसंता दोन उन्हाळे त्यांच्यापाशी बसला. त्यांनी आठवून एकेक ओळ सांगायची आणि याने ती कॉम्प्युटरवर भरीव आणि रिकामे ठिपके करून उतरवायची. असे अकरा काठ झाले. जास्तीच्या प्रती फ्लॉप्यांवर होत्या, त्यांना पावसाळ्यात बुरशी लागली. आता ते अकरा काठ फक्त मशीनमधल्या हार्डडिस्कवर होते. सखारामजींच्या सुनेने हातमाग पुन्हा लावला होता आणि दर आठवड्याला म्हातारा काठी टेकत येऊन विचारी, "बाई, भाऊचं मशीन चालू झालं का जी?"

चांगला पॉवर सप्लाय मिळाला तर ते चालू होणार होतं. वाईट मिळाला, जास्त वीज सोडणारा, तर हार्डडिस्क जळणार होती आणि काठ कायमचे जाणार होते.

बसस्थानकावर उतरून मी तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) घेतले. डबा बाकावर ठेवायचा धीर होईना, म्हणून काखेत धरून उभ्यानेच खाल्ले. तर्रीचा एक ओघळ टॉवेलावर पडला. तो वसंताचा टॉवेल होता. मी तो डाग बराच वेळ पुसत राहिले, मग रिक्षा करून बर्डीवर (सीताबर्डीला नागपूरकर बर्डीच म्हणतात) गेले.

वहीत मी जुन्या डब्यावरचा सगळा मजकूर उतरवून आणला होता. शिवाय रेडिओवाल्याने सांगितलेल्या दोन परीक्षा होत्या. पहिली, हातात घेऊन पाहायचं, जड असेल तोच चांगला. दुसरी, नुसता विजेला लावायचा, पंखा फिरला पाहिजे.

पहिलं दुकान रस्त्यावरच, काचेचं. सफारी घातलेल्या मालकांनी बसायला दिलं, चहा मागवला. चहा मी घेतला नाही.

"ताई, हा घ्या. एकदम फॉरेन."

डबा चांगला जड होता. त्यांनी प्लग लावताच पंखा घूं करून फिरू लागला. माझ्या दोन्ही परीक्षा तो पास झाला. इतक्या पटकन पास झाला, हेच मला खटकलं.

"याने हार्डडिस्कला काही होणार नाही ना?"

"होतंच नाही काही. बिनधास्त न्या."

मी अजून एक ठिकाण बघून येते म्हटलं. "बघा," ते हसले, "फिरून इथेच याल."

दुसरं दुकान एका चपलांच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, टेबलावर सुटे भाग आणि त्यांच्यामागे गजभिये नावाचे पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही. माझा जळका डबा नाकाशी धरून वास घेतला आणि फळीवरून दुसरा काढून दिला. वजनाला तो हलका वाटला.

"लावून दाखवता?" मी म्हटलं.

त्यांनी प्लग लावला. पंख्याचं पातं थरथरलं आणि थांबलं. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तसंच.

"थांबा जी, याले अजून..." ते वळून फळीवर काही शोधू लागले.

मी थांबले नाही. बंद पडलेली वस्तू बाईमाणूस बघून गळ्यात मारतात, हे मला पाठ होतं. माझा डबा उचलून मी जिना उतरले.

पहिल्या दुकानात आले तेव्हा मालक म्हणाले, "बोललो होतो ना ताई?" आणि डबा खोक्यात घालू लागले. त्यांच्यामागे त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर चालू होता. त्याच्याकडे बघताना मला एकदम सुचलं. यात हुशारी काही नव्हती. नवी शाई घेतली की मी आधी स्वतःच्या कागदावर ओढून बघते, शाळेच्या रजिस्टरवर नाही.

"हा तुमच्या मशीनला लावून दाखवा."

त्यांचे हात थांबले. "माझ्या? कशाला? पंखा तर फिरला तुमच्यासमोर."

"तरी."

"ताई, त्यात माझं सगळं काम आहे."

"माझ्यातही आहे."

ते हसले, पण या वेळी माझ्याकडे बघून नाही. मशीन उघडायला वेळ नाही म्हणाले, माणूस जेवायला गेलाय म्हणाले, मग म्हणाले, "इतका संशय असेल तर राहू द्या." मी राहू दिलं. त्या डब्यात खोट होती की नाही, मला माहीत नाही. मी तो उघडून पाहिलेला नाही.

पुन्हा तोच अरुंद जिना. गजभिये मान वर न करता म्हणाले, "काहून जी, काही विसरल्या का?"

"तुमचा पॉवर सप्लाय तुमच्या मशीनला लावाल का?"

"माह्या मशीनमधी शाळेच्या प्रश्नपत्रिका हायेत," ते म्हणाले. मी मनातल्या मनात जिना उतरू लागले होते. पण ते उठले, मशीन बंद केलं, स्क्रू काढले, आतला डबा बाजूला केला आणि मघाचाच, न फिरणारा डबा जोडला. बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"मघाशी का नाही फिरला?"

"तुमी थांबल्याच नाही न. मी बल्ब शोधून राहिलो होतो." त्यांनी डबा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या तारांना स्कूटरचा दिवा जोडला. दिवा लागला, पंखाही फिरू लागला. दिवा सोडवला, पंखा थांबला. "याले भार लागते. बिनाभाराचा चालू केला तं हा सोताच बंद होते. बिघडला नाही थो, जपून राहिला."

"आणि जे नुसतेच फिरतात ते?"

"ते बी चांगले असू शकते. पण पंख्यावरून काही समजत नाही. वजनावरून बी नाही, आत लोखंड टाकलं का झालं."

मी विचारलं, पहिल्यांदाच का नाही सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमी अशा पाहून राहिल्या होत्या का मीच चोर हावो असं मले वाटून गेलं."

मला हसू आलं. श्रावणानंतरचं ते पहिलं असावं.

मशीनला जाणाऱ्या दोन पट्ट्या कशा लावायच्या ते त्यांनी तीनदा करून दाखवलं. दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये, एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत, उलट झालं तर मशीन जळेल. मी ते वहीत लिहून घेतलं. परतीच्या एसटीत मी ते पान चारदा वाचलं, आणि गजभिये खरं सांगत होते कशावरून, असंही पाचगावच्या आसपास मनात येऊन गेलं.

घरी ओट्यावर सखारामजी बसलेले. मी वसंताची कॉलेजातली पुस्तकं काढून काळ्या तारांचं आधी पडताळून पाहिलं. तसंच होतं. डबा बसवला, पण हार्डडिस्क जोडली नाही. मशीन तसंच चालू करून काही जळल्याचा वास येतो का ते बघत बसले.

"किती वेळ जी, बाई?"

"थोडा वेळ अजून."

अर्ध्या तासाने मशीन बंद केलं, हार्डडिस्क जोडली आणि पुन्हा बटण दाबलं. वसंताने ठेवलेली नावं पडद्यावर एकाखाली एक आली. मोजली, अकरा. पहिला काठ उघडून मी वाचू लागले. भरीव दोन, रिकामा एक, भरीव तीन. सखारामजी गुडघ्यावर बोटं हलवत होते. सातव्या ओळीला बोटं थांबली.

"चुकलं. पुन्हा वाचा जी."

डबा, गजभिये, काळ्या तारा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी तीच ओळ पुन्हा वाचली, सावकाश. त्यांची बोटं गुडघ्यावर पुन्हा पहिल्यापासून चालली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "म्याच सांगतलं होतं भाऊले. अन मीच विसरलो."

आता ते रोज संध्याकाळी सुनेला घेऊन येतात. मी वाचते, ती ऐकते, ते मान हलवतात. डब्यावर माझा विश्वास बसला आहे, पण पुरता नाही, म्हणून वाचून झालेला काठ मी चौकटीच्या कागदावर उतरवूनही ठेवते. नागपूरहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना भेटून उरलेली रजा परत केली. त्या म्हणाल्या, बाई, घाई काय आहे, अजून थोडा आराम करा. मी त्यांना बल्बचं आणि भाराचं काही सांगितलं नाही. ग्रंथालयाची किल्ली तेवढी मागून घेतली.