कपाला लागलेली हळद

कॉलेजातल्या मॅडमचा कप सोमवारी परत द्यायचा होता आणि रविवारी सकाळी आईनं त्यातच मला हळदीचं दूध दिलं.

मी अमरावतीला मातीकाम शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कुणी विश्वासानं काही हातात दिलं की मला आधी भीतीच वाटते. हा कप जपानमधल्या एका कुंभारानं हातानं घडवलेला. त्यावर तपकिरी रंगात गवताच्या चार काड्या, त्यातली एक काठावरून आत वाकलेली. "घरी ने. ही काडी ब्रशच्या एका फटकाऱ्यात कशी काढली असेल ते बघ," मॅडम म्हणाल्या होत्या. घरी, अकोल्यापर्यंत, बसमध्ये तो मी ओढणीत गुंडाळून मांडीवर धरला होता.

मला सर्दी झालेली, म्हणून आईनं फळीवरचा सगळ्यात चांगला कप घेतला, एवढंच.

"तुयासाठीच आणला असंन वाटलं मले," ती म्हणाली. आई दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला, तण उपटायला, जाते. तिनं त्या काड्यांवर बोट ठेवलं. "हा तं कुंदा आहे. आमी दिवसभर उपटून राहिलो, अन् ते लोकं कपावर काढून राहिले. कामधंदा नाही काय त्याइले?"

मला हसू आलं नाही. कपाच्या झिलईत, वरच्या काचेसारख्या थरात, केसासारख्या बारीक भेगा होत्या. तशा त्या मुद्दामच ठेवतात. दूध ओतून टाकलं तर त्या भेगांत हळद उतरलेली, आत सगळं पिवळं जाळं. मी घाईनं साबण घासला. पिवळं लाल झालं.

"साबण कावून लावला? हळदीचा डाग उन्हानं जाते," आई म्हणाली आणि तिनं लाल पुन्हा पिवळं होईपर्यंत कप धुऊन न्हाणीच्या भिंतीवर ठेवला. शेजारची बकरी तो पाडेल म्हणून मी दिवसभर तिथंच बसून राहिले. ऊन उतरेपर्यंत जाळं फिकट झालं. फक्त आत वाकलेल्या काडीच्या टोकाशी पिवळं राहिलं.

सोमवारी परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी एकच वाक्य घोकत होते : डाग आधीपासूनच होता. मॅडमच्या दारात उभी राहिले तेव्हा तोंडातून निघालं, "मॅडम, याला हळद लागली. आईला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं."

त्यांनी कप खिडकीशी नेला. उजेडात फिरवून बघितला. मग म्हणाल्या, "असा कप वापरण्याआधी पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे भेगांत रंग शिरत नाही. हे मी सांगायला हवं होतं." त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. "आई काय म्हणाली कप बघून?"

मी कुंद्याचं सांगितलं. त्यांनी एकदा भाजलेला, झिलई न दिलेला एक कप माझ्यासमोर ठेवला. "मग कुंदाच काढ. तुझ्या आईला ओळखू यायला हवा."

अशा मातीवर ब्रश टेकला की रंग तिथंच शोषला जातो, पुसता येत नाही. ब्रश रंगात बुडवून मी अजून बसलेच आहे.