पेशीतला घरजावई

लोणखेड्याकडच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत छगन चोवीस वर्षांपासून नोकरीला आहे. कागदावर हुद्दा परिचर. काम म्हणजे काचपट्ट्या धुणं, कांद्याची साल सोलून ठेवणं, मायक्रोस्कोपवर झाकण घालणं. दहावीनंतर शाळेने त्याला विचारलं नाही, त्यानेही शाळेला विचारलं नाही. पण कपाटाशी उभं राहून चोवीस वर्षं तेच तेच धडे कानावर पडले की माणसाचं काय होतं? प्राध्यापक बदलत गेले, छगन कायम राहिला.

हेमांगी मॅडम नव्या आल्या तेव्हा त्यांनी फळ्यावर पेशीतला मायटोकॉन्ड्रिया काढला, बाहेर एकच रेघ. मागून छगन म्हणाला, आवरणं दोन असतात, मॅडम. वर्ग हसला. मॅडमनी वही बघितली, दुसरी रेघ मारली आणि त्या दिवसापासून छगनसाठी कपाटाजवळ खुर्ची ठेवली. मात्र तपासणीला आलेल्या कुणा साहेबाने "अरे, पाणी आण" म्हटलं, की छगन पाणी आणतो, पण माठाचं नाही. नळाचं, उन्हातल्या टाकीतलं.

असा हा तिखट माणूस घरी मात्र घरजावई. सासरे रूपचंद आबा, साखर कारखान्यातून निवृत्त, एकुलती एक मुलगी नूतन. म्हणून छगनला इथे, सासरच्या गावात आणलं. त्या गावात जावयाला नावाने हाक मारणं म्हणजे त्याचा पाणउतारा. म्हणून आबा त्याला 'जवाई' म्हणायचे, गाव 'जवाईबापू' म्हणायचं, आणि नूतन तर बायकोच, ती नाव कशाला घेईल? मान इतका मिळाला, की मानानेच नाव खाऊन टाकलं. त्यात घरासमोरच्या दगडी ओट्याला अख्खं गाव 'जवाईना ओटा' म्हणायचं. छगन आला त्या पहिल्या दिवसापासून म्हणायचं. छगनला वाटे, हा आपल्यालाच मारलेला टोमणा. म्हणून चोवीस वर्षांत तो त्या ओट्यावर एकदाही टेकला नव्हता.

यंदा मुलीचं, रंजिताचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर आबांनी शहाद्याच्या प्रेसवाल्याला फोनवर सांगितला. शनिवारी संध्याकाळी नमुना रंजिताच्या मोबाइलवर आला. ती मोठ्याने वाचायला लागली आणि मध्येच थांबली. लिहिलं होतं : 'सौ. नूतन व श्री. जवाई यांची एकुलती कन्या'.

प्रेसवाल्याचा दोष नव्हता. आबांनी सांगितलं तेच त्याने छापलं. आबांनी तरी काय, रोज जे तोंडात तेच सांगितलं. सोमवारी सकाळी पाचशे प्रती छापायला जाणार होत्या.

छगनच्या हातातला तांब्या अंगणात गेला. मग त्याने तो स्वतःच जाऊन उचलून आणला, कारण त्या घरात दुसरं कोण उचलणार? म्हणाला, माझ्या पोरीच्या पत्रिकेवर माझं नाव पाहिजे. आबांनी शांतपणे सुपारी कातरली. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि पंचाईत अशी की खरंही होतं. जवाई कोण ते सगळ्या गावाला ठाऊक, छगन कोण ते कुणालाच नाही.

"छगन लिखं ते लोक इचारतीन, हाऊ कोन? जवाई बठ्ठा गावले मालूम शे."

नूतनने डोक्याला हात लावला. रंजिता म्हणाली, पप्पांचं नाव नसेल तर मी पत्रिका वाटायला येणार नाही. आबा म्हणाले, तुझी पत्रिका तू वाटायचीच नसते.

भांडून आबा हलत नाहीत, हे छगनला चोवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक. रविवारी सकाळी त्याने हेमांगी मॅडमना फोन केला, रजिस्टरमध्ये रीतसर सही केली आणि जुना मायक्रोस्कोप गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर घरी आणला. रस्त्यात दोघांनी विचारलं, बाळ कोणाचं?

जुन्या मायक्रोस्कोपच्या आरशाला उजेड हवा आणि ऊन चांगलं होतं, म्हणून तो ठेवावा लागला नेमका ओट्यावरच. छगन स्वतः मात्र उभाच राहिला. आबांना म्हणाला, तोंड उघडा. आबांना वाटलं दात बघतोय. काडीने गालाच्या आतून जरा खरवडलं, काचपट्टीवर घेतलं, हिरवट निळ्या रंगाचा थेंब टाकला, भिंगावर तेल लावलं. आबा एक डोळा मिटून वाकले. बराच वेळ काही दिसेना, आणि दिसलं तेव्हा उठेनात.

"ह्या बारीक बारीक टिपका? मन्हा तोंडमा?"

मग छगनने त्या टिपक्यांची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाची, गोष्ट लावली. दीड-दोनशे कोटी वर्षांपूर्वी जगात झाड नव्हतं, बैल नव्हता, माणूस नव्हता. होते नुसते एकेकटे बारके जीव, चिखलात, पाण्यात. त्यातल्या एका घरमालकाच्या पोटात दुसरा एक जीव शिरला. मालकाने गिळला की तो आपणहून शिरला, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. छगनच्या मते घरजावयाच्या बाबतीत हा वाद कधी मिटतच नसतो. तर तो पचला नाही. आतच राहिला आणि चूल सांभाळायला लागला. हवेतला प्राणवायू वापरून त्याने असा जाळ केला, की मालक फुगला, मोठा झाला, त्याच्या घरात खोल्या झाल्या. झाड, मासा, बैल, आबा, सगळे त्याच खटल्यातले. ज्यांनी असा कुणी घरात घेतला नाही, ते आजही चिखलात एकेकटे आहेत, डोळ्याला न दिसणारे.

आबा खूश झाले. म्हणजे सगळी मालकाचीच मेहेरबानी, असं त्यांनी ठरवून टाकलं. आणि मग त्याने त्याचे कागदपत्र मालकाला दिले असतील ना, असं विचारलं.

छगन याचीच वाट बघत होता. दिले, म्हणाला. त्याचे कागद म्हणजे जनुकं, ती जवळजवळ सगळी मालकाच्या पेटीत, पेशीच्या केंद्रकात गेली. म्हणून तर आता तो घर सोडून जाऊ शकत नाही.

"पन एक बारीक चिठ्ठी सोतानी ठेवी, आबा. दोनशे कोटी वरीस व्हयनात, आजूनबी ती त्यानाजोडेच शे. घरमालकनी काढी लिधी नही."

आबांनी परत भिंगाला डोळा लावला. तसंच वाकून विचारलं, हे माझ्यात आले कुठून? छगनने सांगितलं, आईकडून. आईला तिच्या आईकडून. बापाकडचे वाटेतच संपतात.

"मन्हा बापना एकबी नही?"

"नही."

आबा सरळ झाले. हात ओट्याच्या दगडावरून फिरला. म्हणाले, हा ओटा कोणाचा, माहीत आहे का? छगनचा पारा चढला. माझा, म्हणाला, चोवीस वर्षं ऐकतोय.

"तुन्हा नही. मन्हा बापना."

नूतन दारात येऊन उभी राहिली. तिलाही हे नवीन होतं. आबांचा बाप भिकन, तापीपलीकडून आलेला, याच घरातला घरजावई. घर आबांच्या आईच्या माहेरचं. आतल्या खाटा सगळ्या दुसऱ्यांच्या, म्हणून भिकन संध्याकाळी बाहेर या दगडावर बसायचा. मरेपर्यंत जवाईच. मेल्यावर नोंद लिहायची वेळ आली, तर चार जाणती माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. नाव आबांनी पुढे होऊन सांगितलं.

एवढं बोलून आबांनी मोबाइल मागितला. प्रेसवाल्याला सांगितलं, लिही, श्री. छगन. आणि वरती लिही, कैलासवासी भिकन यांची पणती. प्रेसवाला म्हणाला, जागा नाही, आबा. आबा म्हणाले, मग मामालोकांची यादी काप. नूतनला भाऊ नव्हता, त्या यादीत सगळे चुलतमामाच होते. ते अजून रुसलेले आहेत.

छगन पहिल्यांदा ओट्यावर बसला. दगड तापला होता, लगेच उठावं लागलं.

पत्रिका वाटायला आबा त्याला बरोबर घेऊन निघाले. पहिलंच घर जसोदाबाईचं. म्हातारीने चष्मा लावून सगळी पत्रिका वाचली आणि विचारलं, "हाऊ छगन कोन?"

आबांनी छगनकडे बघितलं. बघ, मी म्हटलं नव्हतं, असं ते डोळे म्हणत होते. 'जवाई' हा शब्द ओठांवर येऊन बसला होता. तो त्यांनी सुपारीबरोबर गालात सरकवला.

"रंजिताना बाप," म्हणाले.

पुढच्या घरीही तोच प्रश्न आला. त्याच्या पुढच्याही. पाचशे पत्रिका होत्या, आणि छगनने एकाही घरी आबांच्या आधी तोंड उघडलं नाही.