बाबांच्या खांद्यातल्या मुंग्या

माझ्या वडिलांचा उजवा खांदा मी निखळवला. आई हे सांगताना "सायकल घसरली" असं म्हणायची, पण ती तिची माया. सायकल घसरली नव्हती. फूलबागेच्या वळणावर एका कचेरीची जुनी पाटी उतरवून नवी चढवत होते. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाल्यापासून गावात पाट्या बदलायचं काम इतकं जोरात चाललं होतं की सकाळी ज्या खात्यात कामाला गेलो, संध्याकाळी त्याच खात्यातून घरी येऊ याची खात्री नसे. मी शिक्षण खात्यात कारकून होतो. आपल्याच खात्याचं तर काही नाही ना, हे बघायला मी मान वळवली, आणि दुसऱ्या क्षणी मी, सायकल आणि मागे कॅरियरवर ताठ बसलेले बाबा असे तिघेही नालीत. पाटी जनावरांच्या दवाखान्याची निघाली.

बाबा संस्थानच्या पलटणीतले पेन्शनर हवालदार. नालीतून उठल्यावर त्यांनी आधी पगडी शोधली, मग माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "हा लटकतोय," ते म्हणाले, दुसऱ्याच कुणाच्या हाताबद्दल बोलावं तसे.

इस्पितळात खांदा जागेवर बसवला, हात झोळीत बांधला. तीन आठवड्यांनी झोळी काढली तेव्हा कळलं की खरं नुकसान निराळंच आहे. बोटं चालत होती, कोपर वाकत होतं, पण बाबा खांद्यातून हात बाजूला उचलायला गेले की काहीच होत नव्हतं. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली आणि म्हणाले, खांद्याच्या स्नायूला जाणारी नस दुखावली आहे. येईल परत. कधी, ते सांगता येत नाही. कदाचित नाहीही येणार.

बाबा "ठीक" म्हणाले. ते सगळ्यालाच ठीक म्हणत. आणि त्याच आठवड्यात पलटणीचं पत्र आलं.

संस्थानचं सैन्य आता हिंदुस्थानच्या सैन्यात मिळायचं होतं. बाबांची पलटण मोडून माणसं इकडे तिकडे वाटली जाणार होती. त्याआधी एक शेवटची कवायत व्हायची होती, आणि जुन्या पेन्शनरांनाही बोलावणं होतं. ते एका बाजूला रांगेत उभे राहणार, पलटणीचं निशाण समोरून जाणार आणि सगळे सलामी देणार. अडीच महिने होते.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "हात वर गेला तर जाईन. नाही तर नाही."

"अहो, डाव्या हाताने करा की," आई म्हणाली. "एवढ्या गर्दीत कोण बघतंय?"

"निशाण बघतं."

मी बुद्धिमान मुलगा. मी सुचवलं, "बाबा, कोपर तर वाकतंय. डोकंच थोडं खाली आणलं हाताकडे, तर?"

बाबांनी माझ्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन मी करणार नाही. आईने फक्त माझं ताट उचलून आत नेलं. माझं जेवण अजून व्हायचं होतं.

डॉक्टरांनीच मग टोपी बाजारातल्या एका सरदारजींचं नाव काढलं. फाळणीत सगळं तिकडे सोडून आलेले. लढाईच्या काळात फौजी इस्पितळात ते जखमी शिपायांना विजेचे उपचार देत. आता टोप्यांच्या एका दुकानामागे त्यांची एक खोली होती. खोलीत एक बाक, पाण्याची बादली आणि एक लाकडी पेटी. पेटीत बॅटऱ्या, वर पितळेचं फिरवायचं बटण, आणि दोन तारा. तारांच्या टोकांना पत्र्याच्या चकत्या. त्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या जाड कापडाच्या घड्यांवर ठेवून घड्या खांद्यावर बसवायच्या, एक मागे, एक पुढे. हातातली कळ दाबली की वीज जायची, सोडली की थांबायची.

"नस सोई है, हवालदार साहब, मरी नहीं," सरदारजी म्हणाले. "जब तक वो जागे, हम गोश्त को सोने नहीं देंगे. बस इतना ही काम है इस डिब्बे का."

बाबांनी सदरा काढला. वडिलांचा खांदा मी मोठेपणी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. डावा होता तसाच, गोल, घट्ट. उजवा आत गेला होता, कातडीखाली हाडाचं टोक दिसत होतं. दीड महिन्यापूर्वी मी जनावरांच्या दवाखान्याची पाटी वाचत होतो. मी बादलीकडे बघत राहिलो.

सरदारजींनी बटण फिरवत कळ दाबली. काही नाही. आणखी फिरवलं, पुन्हा दाबली. आणि त्या आत गेलेल्या खांद्यावर काहीतरी हळूच उडालं. झोपलेल्या माणसाची पापणी हलावी, इतकंच. पुन्हा दाबली, पुन्हा उडालं.

बाबा मान वाकडी करून आपल्याच खांद्याकडे बघत होते. "हिलता है," ते म्हणाले. हवालदार होते ते, तीस वर्षं हुकमावर माणसं हलवलेले. पण हे त्यांनी असं सांगितलं की मला बाहेर जाऊन टोप्या बघाव्या लागल्या.

रोज संध्याकाळी कचेरी सुटली की मी बाबांना नई सडकेवरून पायी घेऊन जाई (सायकल घरात असून नसल्यासारखी झाली होती). तीन आठवडे असे गेले. मग सरदारजींच्या भावाचा पत्ता लागला, अंबाल्याकडे कुठेतरी. त्यांना जायचं होतं. त्यांनी पेटीच मला दिली.

"बेटा, पढ़े लिखे हो?"

"इंटर सायन्स," मी म्हणालो. पदार्थविज्ञानात मला काठावर पास केलं होतं, ते सांगितलं नाही.

"तो सुनो. कपड़े की आठ तह. खूब गीली. धीरे धीरे बढ़ाओ, गोश्त उछले, बस वहीं रुको. दस मिनट. और हर बार पूछो, कैसा लगता है."

आता माझं इंटर सायन्स पाहा. दहा मिनिटांत जर खांदा एवढा उडतो, तर अर्ध्या तासात तिप्पट. कापडाच्या आठ घड्यांमुळे वीज अडत असणार, म्हणून मी घडी केली एक. आणि कवायतीला उरला होता महिना. सोप्या त्रैराशिकाने मी बाबांना पंधरा दिवसांत सलामी द्यायला लावणार होतो.

विचारायचं मात्र मी विसरलो नाही. दर दोन मिनिटांनी विचारत होतो.

"बाबा, लागतंय का?"

"नाही."

बटण पुढे. "आता?"

"ठीक."

बटण आणखी पुढे. खांदा असा उडत होता की मी आईला हाक मारून दाखवलं. आई खांद्याकडे नाही, बाबांच्या कपाळाकडे बघत होती. कपाळावर घाम होता. "अहो, तुम्हाला दुखतंय का?"

"दुखायचं काय त्यात?"

अर्ध्या तासाने मी चकती उचलली. खाली रुपयाएवढा गोल, पांढरट, भाजलेला डाग. दुसऱ्या चकतीखाली तसाच.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलो.

बाबा खरंच गोंधळले. "तू विचारलंस, लागतंय का. काय सांगणार?"

त्या रात्री डागावर तूप लावताना आई म्हणाली, "तुझ्या जन्माच्या वेळी मी ओरडले, तर हे दाराबाहेरून म्हणाले होते, आवाज कमी. अशा माणसाला तू विचारतोस, लागतंय का!"

पांढरे डाग बरे होईपर्यंत चकत्या लावायच्या नव्हत्या. बारा दिवस गेले. उरले होते महिन्यातले अठरा. मी कचेरीत फायलींवर नव्या खात्याचे कागद चिकटवत होतो आणि प्रत्येक कागदाखाली मला एक गोल डाग दिसत होता. एकदा मी दारातून पाहिलं, बाबा खिडकीशी उभे होते आणि डाव्या हाताने उजवं कोपर धरून वर नेत होते. कपाळापर्यंत नेलं. सोडून पाहिलं. पडलं. पुन्हा नेलं. मी न खाकरता मागे सरलो.

सरदारजी परतले, भावाला घेऊन. मी पेटी बाकावर ठेवली आणि सगळं सांगितलं, त्रैराशिकासकट. ते भावाला मिठाई देत होते, ती त्यांनी तशीच हातात धरून ठेवली.

"एक तह?"

"जी."

"आधा घंटा?"

"जी."

"ओए इंटर सायन्स," ते म्हणाले, आणि इतके हसले की मला रडूच आलं. मग डाग पाहिले आणि हसायचे थांबले. बाबांना विचारलं, "हवालदार साहब, जला तो बताया क्यूँ नहीं?"

"साहब, तकलीफ बताने की आदत नहीं."

सरदारजी बाकावर बसले. फौजी इस्पितळात त्यांची वर्षं गेली होती. असे पुष्कळ त्यांनी पाहिले असणार. मग एकदम उठून ताठ उभे राहिले आणि हुकमाच्या आवाजात म्हणाले, "हवालदार! ड्यूटी सुनो. कंधे पर पहरा है. पहली चींटी चढ़े, फौरन रिपोर्ट. चींटियाँ काटने लगें, फौरन रिपोर्ट. रिपोर्ट नहीं दी, तो पहरे पर सोए माने जाओगे."

बाबा बाकावर बसल्या बसल्याच सावधान झाले. "जी साहब."

आठ घड्या. भरपूर पाणी. बटण अगदी हळू.

"चींटी हाज़िर, साहब," बाबा म्हणाले.

"शाबाश. अब?"

"चार पाँच हैं. काटती नहीं."

"अब?"

"एक ने काटा, साहब."

बटण तिथेच थांबलं. खांदा शांतपणे, सारखा उडत राहिला. तीस वर्षांत ज्या माणसाने "ठीक" सोडून काही सांगितलं नव्हतं, तो मुंग्यांची मोजदाद करत होता. त्यानंतर घरीही हाच शिरस्ता पडला. मी पेटीशी, बाबा खाटेवर, आणि स्वयंपाकघरातून आई: "अहो, किती झाल्या?" "आठ!" "मग पुरे करा, भाजी निवतेय."

शेवटच्या दिवसांत नस जागी होऊ लागली होती. वीज नसतानाही हात छातीपर्यंत येई. एखाद्या सकाळी खांद्याच्या जवळपास. त्याच्यावर नाही.

कवायतीच्या सकाळी, जायचं की नाही, हे कुणी विचारलं नाही. बाबांनी आंघोळ केली, आणि मग म्हणाले, "पगडी बांध." मी बांधली. एका हाताने ते मला दाखवत होते, पेच कुठून घ्यायचा ते. आईने शाल दिली.

मैदानावर पेन्शनरांची रांग होती आणि रांगेमागे घरची मंडळी. मी बाबांच्या बरोबर मागे उभा राहिलो. त्यांची उजवी बाजू शालीने झाकलेली होती, आणि ती शाल बघूनच माझ्या डोक्यात कल्पना आली. बाबांना न विचारता मी शालीखालून दोन बोटं त्यांच्या कोपराखाली टेकवली. बाबांची मान किंचित हलली.

दूरवर बँड सुरू झाला. हुकूम आला. मी कोपर वर उचललं.

हुकूम 'सावधान'चा होता.

साठ म्हातारे हात मांड्यांना चिकटवून ताठ उभे राहिले, आणि त्या सगळ्यांमध्ये माझे वडील एकटे कडक सलामी देत होते. कुणाला, देव जाणे. निशाण अजून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होतं.

"गाढवा," बाबा ओठ न हलवता म्हणाले, "अजून नाही."

मी विजेचा झटका बसल्यासारखी बोटं काढून घेतली. काढली आणि लक्षात आलं, आता हात पडणार, सगळ्यांसमोर. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हात वरच होता. पंजा पगडीपाशी. थरथरत होता, शालीची किनार त्याच्याबरोबर थरथरत होती, पण वर होता. खाली कुणाचीही बोटं नव्हती.

मग सलामीचा हुकूम झाला आणि डावीउजवीकडचे हात त्याच्या उंचीला येऊन मिळाले.

निशाण फार हळू चालत आलं. मला वाटतं त्या दिवशी ते मुद्दाम हळू चालत होतं. ते आमच्या समोर यायच्या आधीच बाबांचं कोपर उतरू लागलं. एक अंगुळ. आणखी एक. मी बोटं पुढे नेली आणि थांबलो. एकदा शिवी खाल्ली होती.

"ठेव," बाबा म्हणाले.

"काय?"

"बोटं. ठेव पुन्हा."

मी ठेवली. कोपर माझ्या बोटांवर टेकलं, चांगलं जड टेकलं, आणि पंजा परत पगडीपाशी गेला. निशाण समोरून गेलं. पुढे गेलं. दोन्हीकडचे हात खाली आले, रांग सैल झाली, लोक डोळे पुसायला लागले, तरी आमचा हात वरच होता. कारण बोटं काढायची कधी ते मला कळत नव्हतं, आणि बाबाही सांगत नव्हते.